गावठाणातील मोकळ्या बोळावरून वाद झाला तर

दोन घरांमधल्या बोळात एकाने सरपण रचले आणि दुसऱ्याच्या पन्हाळीचे पाणी त्यावर पडू लागले, की ‘ही जागा कोणाची’ हा प्रश्न उभा राहतो. खाजगी मालकी सिद्ध न होणारी जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार शासनाची असते. म्हणून ‘बेवारस’ हा शब्द आधी सोडून द्यावा.

प्रथम मालमत्ता पत्रक, म्हणजे जागेच्या मालकीची नोंद असलेला भूमी अभिलेखाचा उतारा, काढावे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, आणि निम्मी भांडणे याच गैरसमजातून पेटतात. हद्दीबद्दल शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यालाही आवर्जून हजर ठेवावे, कारण त्याच्यासमोर ठोकलेली खूण तो सहसा नाकारत नाही.

‘बारा वर्षे वहिवाट असली की जागा आपली’ हा दाखला शासकीय जागेला लागू पडत नाही. तिथे मुदत तीस वर्षांची आहे. सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असल्यास ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. सरपण मात्र स्वतः उचलून फेकू नये.