गरोदरपणातील सिफिलिसची रॅपिड चाचणी: उपकेंद्रातील परिचारिकांसाठी

सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराचा जंतू गरोदर स्त्रीला कोणताही त्रास जाणवू न देता तिच्या रक्तात राहू शकतो आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. उपचार न झाल्यास मृतजन्म, अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा बाळाला जन्मजात सिफिलिस होण्याचा धोका असतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता नोंदणीच्या पहिल्याच भेटीत, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत, एचआयव्हीसोबतच ही चाचणी करावी.

सुरुवात किटपासून करावी. बऱ्याच किट ३० अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवायच्या असतात आणि नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे पत्र्याखालच्या कपाटात किंवा गाडीच्या डिकीत राहिलेल्या किटवर विसंबू नये. मुदत पाहावी आणि पाकीट चाचणीच्या वेळीच फोडावे.

तपासणी कशासाठी आहे हे सांगून संमती घ्यावी. हातमोजे घालून बोट स्पिरिटने पुसावे आणि ते पूर्ण वाळल्यावर बोटाच्या कडेला लॅन्सेट टोचावे. पहिला थेंब पुसून किटच्या पत्रकात दिले आहे तेवढेच रक्त व द्रावण घालावे आणि घड्याळ लावावे. निकाल साधारण १५ ते २० मिनिटांत मिळतो, पण नेमकी वेळ त्या किटच्या पत्रकातलीच धरावी, कारण उशिरा वाचलेली पट्टी फसवते. किट नीट चालली हे दाखवणारी नियंत्रण रेषा उमटली नाही तर चाचणी बाद समजून नवी किट वापरावी. ती उमटली असून चाचणीची रेषा पुसट दिसत असली, तरी निकाल पॉझिटिव्हच धरावा.

हा निकाल सासूसमोर किंवा रांगेतल्या बायकांसमोर कधीही सांगू नये. पूर्वी उपचार झाले आहेत का, हे एकांतात विचारावे, कारण ही चाचणी प्रतिपिंडे (जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) शोधते आणि बरे झाल्यानंतरही बहुतेकांमध्ये ती आयुष्यभर पॉझिटिव्ह येते. सध्याचा संसर्ग ठरवण्यासाठी आरपीआर किंवा व्हीडीआरएल ही रक्ततपासणी लागते. मात्र त्या अहवालासाठी तिला रिकाम्या हाताने परत पाठवणे मला सर्वांत घातक वाटते. रामटेक किंवा उमरेडच्या आतल्या गावातून मजुरी बुडवून आलेली बाई दुसऱ्यांदा येईलच असे नाही. म्हणून त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून पहिल्या डोसची सोय करावी आणि त्याआधी आरपीआरसाठी रक्त घ्यावे.

औषध बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, स्नायूत. संसर्ग किती जुना हे ठाऊक नसल्यास आठवड्याच्या अंतराने तीन डोस लागतात आणि मध्ये खंड पडू देऊ नये. गर्भाच्या उपचारासाठी पेनिसिलिनला पर्याय नाही, म्हणून ॲलर्जीचा इतिहास असलेल्या मातेला गोळ्यांवर न भागवता नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयात पाठवावे. इंजेक्शननंतर २४ तासांत ताप किंवा कळा येऊ शकतात. हे आधीच सांगावे आणि कळा आल्या, पाणी गेले किंवा बाळाची हालचाल मंदावली तर लगेच यायला सांगावे.

पतीचीही तपासणी व उपचार व्हावेत, नाहीतर संसर्ग पुन्हा होतो. डोसच्या तारखा प्रसूती होणार असलेल्या रुग्णालयाला कळवाव्यात, कारण उपचार प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी सुरू झाले होते की नाही, यावर नवजात बाळाला इंजेक्शन देण्याचा निर्णय बराचसा अवलंबून असतो.