घरून काम करून डोकं आंबलंय? मग हे करून बघा

घरून काम करताना सगळ्यात मोठा घोळ हा की काम संपलं तरी संपल्यासारखं वाटतच नाही, लॅपटॉप मिटतो आणि त्याच खुर्चीत बसून आपण मोबाईल उघडतो, मग डोक्याला सुट्टी मिळणार कधी? मी बरीच वर्षं घरून काम करतेय आणि मला खरंच लागू पडलं ते एकच, झाडं.

आधी टेबल सरकवा. मान वळवली की खिडकीतून झाड, तेही नसेल तर आभाळाचा तुकडा दिसला पाहिजे. दोन मीटिंगच्या मध्ये मिनिटभर तिकडे बघा. मेलबर्नमध्ये २०१५ साली एक प्रयोग झाला, त्यात कंटाळवाण्या कामाच्या मध्येच फक्त ४० सेकंद हिरव्यागार गच्चीचा फोटो दाखवला तर लोकांच्या चुका कमी झाल्या. म्हणजे खिडकी नसेल तर फोटोही चालतो.

व्हिडिओ लावणार असाल तर नीट लावा. नोटिफिकेशन बंद, फुल स्क्रीन, खुर्ची मागे घ्या. दर दोन सेकंदाला सीन बदलणारा नको, एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यातला ओढा किंवा पाऊस हवा, आणि आवाज हेडफोनवर. मला तर कधीकधी डोळे मिटून नुसता पावसाचा आवाजच जास्त बरा वाटतो, कारण डोळे दिवसभर स्क्रीनवरच असतात.

पण यावर भागवू नका हं. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात थोडा ताण आलेल्या लोकांना कुणाला खरी खिडकी दिली, कुणाला तोच देखावा मोठ्या स्क्रीनवर, कुणाला कोरी भिंत. खिडकीपाशी हृदयाचे ठोके लवकर खाली आले, स्क्रीन मात्र भिंतीपेक्षा काही सरस ठरला नाही. म्हणून माझ्या मते व्हिडिओ दुपारपुरता ठीक, संध्याकाळी बाहेर पडायचंच.

लॅपटॉप मिटला की लगेच चपला घाला, आधी सोफ्यावर टेकलात तर संपलं. फोन घरी ठेवा, नाहीतर सायलेंटवर खिशात. लांब जायची गरज नाही, एकच झाड धरा आणि रोज तिथेच जा. पहिले पाच मिनिटं मीटिंगमधलंच काहीतरी डोक्यात फिरत राहतं, फिरू द्या, तोवर खोडाजवळ जाऊन बघा, सालीच्या भेगेतून मुंग्यांची रांग वर चाललेली असते, एखादी मध्येच थांबून समोरून येणारीला मिशा लावते आणि पुढे जाते. हे बघता बघता खांदे कधी खाली आले कळत नाही.

किती वेळ? इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि मन जास्त चांगलं दिसलं, एकदम घालवा नाहीतर थोडं थोडं. रोज वीस मिनिटं धरली तरी होऊन जातं. पाऊस असेल त्या दिवशी छत्री घेऊन जा, ओल्या मातीचा वास हेडफोनमधून येत नाही.