पेन्शनवर आलेल्या फौजीची झोप उडाली असेल तर घरच्यांनी काय करायचं

सातारा, सांगली, कोल्हापूरकडचा जवान पेन्शनवर येतो तेव्हा बहुतेकदा चाळिशीच्या आतबाहेर असतो. सत्कार होतात, घराचं बांधकाम निघतं, आणि ही धावपळ ओसरली की त्रास वर येतो. रात्री तीन-चारदा उठून कडी बघणं, हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसणं, वरातीतल्या सुतळी बॉम्बनंतर तासभर गप्प होणं, पोरांवर क्षुल्लक कारणानं भडकणं. हे महिनाभर टिकलं तर डॉक्टरला दाखवायचं. ‘फौजी माणूस आहे, सावरेल’ म्हणत वर्ष घालवू नका.

सुरुवात झोपेपासून करा. ‘तुमचं डोकं ठिकाणावर नाही’ म्हटलं की दार बंद होतं. ‘अहो, तुम्हाला झोप लागत नाहीये, एकदा दाखवून येऊ’ याला सहसा नकार येत नाही. जाण्याआधी दोन आठवडे वहीत लिहा: किती वाजता आडवे झाले, कितीदा उठले, किती पेग घेतले (60 मिलीचा एक धरा), कशावरून चिडले. नुसतं ‘बरं वाटत नाही’ सांगितलं तर बीपी बघून ॲसिडिटीची गोळी मिळते. वही पुढे ठेवली की डॉक्टरला नेमकं काय चाललंय ते दिसतं.

ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आणि जुने वैद्यकीय कागद, विशेषतः निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचे, घेऊन त्या योजनेच्या पॉलिक्लिनिकला जा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल स्पष्ट शब्दांत मागा. रेफरलला मुदत असते, ती तिथेच वाचून घ्या. अग्निवीर म्हणून चार वर्षांनी परतलेल्या मुलाला ईसीएचएस लागू नाही. त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांसाठी आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सुरू झाला.

माणूस अजून नोकरीत असून सुट्टीवर असेल तर जवळचं मिलिटरी हॉस्पिटल गाठा आणि सुट्टी संपायच्या आत युनिटला लेखी कळवा, नाहीतर आजारपणाचे दिवस गैरहजेरीत जातात. ‘कॅटेगरी लागेल’, म्हणजे वैद्यकीय श्रेणी खाली येईल, ही त्याची भीती खरी असते, ती उडवून लावू नका. पण कॅटेगरी आधी ठराविक मुदतीची असते आणि तिचा फेरविचार होतो, हे त्याला सांगा.

दारूचं जास्त सांभाळून. रोज पिणाऱ्यानं माळ घालून एका दिवसात दारू तोडली तर जिवावर बेतू शकतं. हात थरथरतात, घाम फुटतो, शेवटच्या पेगनंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात नसलेलं दिसू लागतं. माळ जरूर घाला, पण डॉक्टरांचं औषध सुरू झाल्यावर. फिट आली किंवा बरळायला लागला तर 108.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. हो म्हणाला तर ‘कसं, कधी’ हेही विचारा. उत्तर तयार असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या. बँकेत किंवा एटीएमवर गार्डची नोकरी करणाऱ्यांच्या घरी परवान्याची बारा बोअरची बंदूक असते. निवडणुकीत जमा करतात तशी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवता येते. नुसती माळ्यावर लपवून भागत नाही, त्याला घराचा कोपरान् कोपरा माहीत असतो. तणनाशक, फवारणीची औषधंही भावकीत दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. आत्महत्येच्या झटक्यातली निकराची वेळ बऱ्याचदा थोडीच असते. तेवढ्यात हाताशी साधन नसलं तर माणूस वाचतो. प्रयत्न झालाच तर पोलिसांच्या भीतीनं लपवू नका: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, आणि उपचार व पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता वाढते आणि बहुतेक गोळ्या तिथेच सुटतात. नंतर बरं वाटलं म्हणूनही सोडायच्या नाहीत. कमी करायच्या त्या डॉक्टरच करतील. रात्री स्वप्नात ओरडला तर अंगाला हात लावून हलवू नका, दचकून हात उगारला जातो. पायाकडच्या बाजूनं, लांबून नाव घ्या, दिवा लावा, ‘घरीच आहात’ म्हणा.

बायकोकडेही बघा. इतकी वर्षं बी-बियाणं, शाळा, सासू-सासऱ्यांचा दवाखाना तिनं एकटीनं चालवलं, आणि आता घरात हुकूम सुटू लागतात. त्याच्याकडे एक काम पूर्ण सोपवा, मग ते दूध डेअरीचं असो की पोरांच्या शाळेचं, आणि पैशाचे निर्णय दोघांनी बसून घ्या. ईसीएचएसमध्ये तीही लाभार्थी आहे. तिची झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल, तर तिनं त्याच पॉलिक्लिनिकमध्ये स्वतःसाठी वेगळं दाखवावं, त्याच्या नंबरात उरकून घेऊ नये.