व्हीपीएन सारखे तुटत असेल तर हेल्पडेस्कला फोन करण्यापूर्वीची तयारी

हेल्पडेस्कला नुसते ‘व्हीपीएन (घरून कार्यालयाच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित जोडणी) तुटते’ असे सांगितल्यास राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला मिळतो आणि विषय तिथेच संपतो. म्हणून बिघाड घरातला, इंटरनेट कंपनीचा की टनेलचा (म्हणजे खुद्द व्हीपीएनच्या जोडणीचा), हे आधी शक्य तितके वेगळे करून ठेवावे. त्यासाठी लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून एकीत राउटरला आणि दुसरीत 8.8.8.8 ला (गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला) अखंड पिंग, म्हणजे उत्तर येते का हे पाहणारी छोटी हाक, चालू ठेवावे, आणि जोडणी तुटताच घड्याळातली वेळ टिपून घ्यावी. राउटरचेच उत्तर थांबत असेल तर दोष वायफायचा धरावा आणि पुढचे काही तपासण्याआधी लॅन केबल लावून पाहावी. राउटर उत्तर देत असून फक्त 8.8.8.8 चे उत्तर थांबत असेल तर दोष इंटरनेट कंपनीकडचा धरावा.

दोन्ही पिंग व्यवस्थित चालू असताना फक्त व्हीपीएन तुटत असेल, तर ते काम करताना तुटते की काही वेळ स्वस्थ राहिल्यावर, हे लिहून ठेवावे. यूडीपीवर (पोच न मागता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीवर) चालणारी जोडणी शांत पडली की तिची नोंद काही राउटर 30 सेकंदांतच पुसून टाकतात. वायरगार्ड हे व्हीपीएन वापरत असल्यास पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारे पॅकेट ठरावीक वेळाने पाठवण्याची सेटिंग) 25 सेकंदांवर ठेवल्याने ही तक्रार बहुधा मिटते.

जोडणी झालेली दिसते, छोटे संदेश जातात, पण मोठी फाइल किंवा रिमोट डेस्कटॉप अडकून बसतो, अशी लक्षणे असतील तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासल्याशिवाय फोन करूच नये, कारण हाच दोष सर्वांत जास्त काळ चकवतो. व्हीपीएन बंद ठेवून विंडोजमध्ये पिंगला एफ (-f, पॅकेटचे तुकडे न करणे) आणि एल (-l, आकार) हे पर्याय जोडावेत व आकार 1472 द्यावा. त्यात पॅकेटच्या शीर्षकाचे (हेडरचे) 28 बाइट मिळवले की 1500 होतात. पॅकेट जात नसेल तर आकार उतरवत जावे. 1464 ला गेले तर लाइन 1492 ची, म्हणजे बहुधा पीपीपीओईची (इंटरनेट कंपनीशी लॉगिन करून जोडण्याच्या पद्धतीची), समजावी. वायरगार्डचा नेहमीचा 1420 हा एमटीयूचा आकडा अशा लाइनवर आयपीव्ही4 ने (इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीने) निभावतो, मात्र सर्व्हरशी आयपीव्ही6 ने (नव्या पद्धतीने) जोडल्यास टनेलचे 80 बाइट वजा जाऊन 1412 च उरतात, तेव्हा आकडा तिथपर्यंत खाली आणावा लागतो.

टनेल टिकतो पण कार्यालयातला एखादाच सर्व्हर सापडत नाही, असे असल्यास घर आणि कार्यालय दोन्हीकडे 192.168.1 हीच पत्त्यांची मालिका आहे का ते पाहावे. बदल घरच्या राउटरवर करणेच सोपे. ओपनव्हीपीएन (दुसरे एक व्हीपीएन) यूडीपीवर अडत असेल तर टीसीपी 443 (पोच घेऊन पाठवण्याची पद्धत, सुरक्षित वेबसाइटच्या पोर्टवरून) ची सोय आहे का, एवढे विचारून घ्यावे, मात्र खराब लाइनवर तो मार्ग अधिकच रखडतो, हे धरून चालावे.

टिपलेल्या वेळा, पिंगचे आकडे आणि क्लायंटचा (लॅपटॉपवरच्या व्हीपीएन ॲपचा) लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, एकत्र पाठवावा. सोबत कॉन्फिगरेशनची फाइल जोडायची असल्यास तीतली खासगी की (गुप्त ठेवायची किल्ली) आधी काढून टाकावी.