‘लुकिंग फॉरवर्ड टु’ : पुढे ‘मीट’ की ‘मीटिंग’?

नोकरीच्या अर्जाच्या किंवा ईमेलच्या शेवटी ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. हवं ते ‘टु मीटिंग यू’.

कारण समजलं की पाठांतर करावं लागत नाही. ‘टु’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ‘वाँट टु गो’, ‘होप टु मीट’ अशा ठिकाणी ते खरंही आहे. पण ‘लुकिंग फॉरवर्ड’मधला ‘टु’ वेगळा. त्याला पुढे नाम लागतं आणि क्रियापदाचं नाम करायचं तर ‘आयएनजी’ जोडावं लागतं.

आधी ‘टु’ कोणता ते ओळखा. त्याच्यापुढे ‘इट’ ठेवून पाहा. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु इट’ हे पूर्ण वाक्य झालं, म्हणजे इथे नामच हवं. ‘आय वाँट टु इट’ जमत नाही, म्हणून तिथे मूळ रूप. हीच कसोटी ‘यूज्ड टु’ला लावा, तो फार फसवतो. ‘आय ॲम यूज्ड टु वर्किंग लेट’ म्हणजे उशिरापर्यंत काम करायची मला सवय आहे. ‘आय यूज्ड टु वर्क लेट’ म्हणजे पूर्वी करायचो, आता नाही. एका ‘ॲम’मुळे अर्थ बदलतो, म्हणून अर्जात हे वाक्य दोनदा वाचा.

‘लुकिंग फॉरवर्ड’नंतर ‘टु बी सिलेक्टेड’ आलं तर त्याचं ‘टु बीइंग सिलेक्टेड’ करा. हे कानाला विचित्र वाटतं, पण बरोबर तेच आहे.

पुढे साधं नाम असेल तर प्रश्नच नाही: ‘टु युअर रिप्लाय’. फक्त ‘टु’च्या जागी ‘फॉर’ नको.

मग प्रसंग पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टु’ औपचारिक, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु’ जरा मोकळं. ‘आय ॲम’ गाळून थेट ‘लुकिंग’ने सुरुवात ओळखीच्या माणसाला चालते, अर्जात मी ती टाळेन. या शब्दांत आनंदाची ओढ आहे, त्यामुळे काम लांबणार असल्याचं कळवताना ते वापरू नका. तिथे ‘वी एक्स्पेक्ट अ डिले’ पुरे.

वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्या. स्वल्पविराम खालच्या ओळीतल्या ‘युअर्स सिन्सिअरली’नंतर येतो.