ईएक्सटी४ वरून बीटीआरएफएसवर जाताना जागा कमी पडल्यास

ईएक्सटी४ आणि बीटीआरएफएस या लिनक्समधील फाइलप्रणाली, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती आहेत. ईएक्सटी४ विभाजनातील (डिस्कच्या एका भागातील) फाइली दुसरीकडे न हलवता ते बीटीआरएफएसमध्ये बदलण्याची सोय ‘बीटीआरएफएस-कन्व्हर्ट’ या आज्ञेत आहे. या कामात ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश आला, की पुष्कळ जण घाईने फाइली डिलीट करू लागतात. रूपांतरापूर्वी हा उपाय योग्य आहे, मात्र रूपांतरानंतर त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून अडचण नेमकी कोणत्या टप्प्यावर आली, हे आधी निश्चित करावे.

रूपांतरात फाइलींचा मजकूर बहुतांशी जागच्या जागी राहतो आणि नवा मेटाडेटा (फाइलींची नावे, जागा इत्यादींची नोंद) जुन्या फाइलप्रणालीच्या मोकळ्या जागेत लिहिला जातो. ४ केबीच्या प्रत्येक ब्लॉकमागे (डिस्कवरील जागेच्या तुकड्यामागे) ४ बाइटचा चेकसम (डेटा खराब झाला का, हे ओळखण्याचा पडताळणी-आकडा) धरला, तर १ जीबी डेटामागे साधारण १ एमबी एवढेच लागते. परंतु अगदी लहान फाइलींचा मजकूरही मेटाडेटामध्येच घेतला जात असल्याने काहीशे जीबींच्या विभाजनावर हा आकडा काही जीबींपर्यंत जाऊ शकतो. तो आधी अचूक सांगता येत नाही. चित्रपट साठवलेल्या डिस्कपेक्षा लाखो छोट्या फाइली असलेल्या डिस्कला अधिक जागा लागते, हे मात्र नक्की. माझ्या मते १५ ते २० टक्के जागा मोकळी असल्याखेरीज या कामाला हात घालू नये.

एवढी जागा होत नसेल, तर ‘नो-इनलाइन’ हा पर्याय द्यावा, म्हणजे लहान फाइलींचा मजकूर मेटाडेटामध्ये शिरत नाही. ‘नो-डेटासम’ने चेकसमची जागा वाचते, पण डेटा खराब झाल्यास तो ओळखण्याची सोयच त्यामुळे जाते, म्हणून मी तो सुचवणार नाही. सुरुवातीला दुसऱ्या डिस्कवर बॅकअप घ्यावा, विभाजन अनमाउंट करावे आणि ‘ई२एफएससीके’ने सक्तीची तपासणी करावी.

रूपांतर झाल्यानंतरची तक्रार वेगळीच असते: फाइली डिलीट केल्या, तरी मोकळी जागा वाढत नाही. परत फिरता यावे म्हणून संपूर्ण जुनी फाइलप्रणाली ‘ईएक्सटी२_सेव्हड’ नावाच्या सबव्हॉल्यूममध्ये (बीटीआरएफएसमधील स्वतंत्र उपविभागात) ‘इमेज’ या एकाच फाइलीच्या रूपाने जपून ठेवलेली असते. मूळ प्रणाली ईएक्सटी४ असली, तरी नाव हेच राहते. या इमेजचे आणि तुमच्या फाइलींचे ब्लॉक सामाईक असतात. त्यामुळे ५ जीबीची जुनी फाइल डिलीट केल्यावर यादीतून तिचे नाव जाते, पण ते ब्लॉक इमेजने धरून ठेवल्यामुळे मोकळे होत नाहीत. या स्थितीत डीफ्रॅगमेंट करणे (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणे) तर घातकच, कारण फाइलींच्या नव्या प्रती लिहिल्या जातात, जुने ब्लॉक इमेजकडेच राहतात आणि उरलीसुरली जागाही संपते.

म्हणून आधी फाइली नीट उघडतात ना, हे पाहावे आणि मागे जायचे नाही असे ठरल्यावरच तो सबव्हॉल्यूम डिलीट करावा. त्यानंतर ईएक्सटी४वर परतता येत नाही. जागा लगेच दिसली नाही, तर घाबरू नये. सफाई पार्श्वभूमीत चालते आणि ‘सबव्हॉल्यूम सिंक’ ही आज्ञा ती पूर्ण होईपर्यंत थांबते. मग डीफ्रॅगमेंट करावे आणि शेवटी मेटाडेटाचे बॅलन्स (साठवलेला मजकूर नव्याने मांडण्याची क्रिया) चालवावे.

यानंतरही ‘डीएफ’ ही जागा मोजणारी आज्ञा मोकळी जागा दाखवत असून लिहिता येत नसेल, तर ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टम यूसेज’ पाहावे. त्यात ‘अनअलोकेटेड’समोर (न वाटलेल्या जागेसमोर) शून्याच्या आसपास आकडा असेल, तर जवळजवळ सगळी डिस्क चंकांमध्ये (डेटा किंवा मेटाडेटासाठी राखलेल्या मोठ्या तुकड्यांमध्ये) वाटली गेली आहे आणि मेटाडेटाला नवा चंक मिळत नाही, असे समजावे. डेटा चंकांचे बॅलन्स ‘यूसेज’ (चंक किती टक्के भरलेला असावा, याची मर्यादा) ० पासून सुरू करून ५, १०, २० असे वाढवत न्यावे. रिकामे आणि अर्धरिकामे चंक त्यातून सुटतात.

बॅलन्सच जागेअभावी अडले, तर भरवशाची दुसरी, कोरी डिस्क ‘डिव्हाइस ॲड’ने तात्पुरती जोडावी, तिच्यावरील आधीचा डेटा या जोडणीत जातो. बॅलन्स पुरे झाल्यावर ‘डिव्हाइस रिमूव्ह’ चालवावे आणि ती आज्ञा संपेपर्यंत केबल काढू नये, कारण काही चंक तोपर्यंत त्याच डिस्कवर असतात.