ग्रामपंचायत निवडणूक: हरलात तरी खर्चाचा हिशोब द्या

निकाल लागला, गुलाल उधळला की निवडणूक संपली असं समजू नका. निकालाच्या तारखेपासून ३० दिवसांत खर्चाचा हिशोब तहसील कार्यालयात पोचायला हवा. पडलेल्यांनी, बिनविरोध आलेल्यांनी आणि एक रुपयाही न खर्चलेल्यांनीसुद्धा. खर्च नसेल तर ‘शून्य’ लिहून सही करून द्यायचं. सर्वांत जास्त घात इथेच होतो: पडलेला उमेदवार म्हणतो, आता मला कोण विचारतंय?

विचारतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ब खाली, सबळ कारणाशिवाय हिशोब दिला नाही तर ५ वर्षं अपात्र. निवडून आलेल्याचं पदही जातं.

बॅनर, पत्रकं, रिक्षा, भोंगा, चहा-नाश्ता, सगळ्यांची बिलं त्याच दिवशी घ्या. बिलावर तारीख, दुकानाचं नाव आणि नग हवेत. ‘बॅनर – ३,०००’ अशी कच्ची चिठ्ठी आक्षेप आला की टिकत नाही. मित्राने फुकट दिलेली गाडीही बाजारभावाने धरा. राज्य निवडणूक आयोगाच्या ‘ट्रू व्होटर’ अॅपवर नोंदी भरल्या तरी विहित नमुन्यातल्या कागदांची खात्री तहसीलला जाऊन कराच.

आणि पोच. तुमच्याकडच्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तो कागद ५ वर्षं जपा. नोटीस आलीच तर मुदतीत लेखी खुलासा द्या; आजारपणाचं कारण असेल तर दवाखान्याची कागदपत्रं जोडा. अपात्रता काढण्याचा किंवा तिचा काळ कमी करण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाला आहे.